अजून टेकवला नाही

संध्याकाळी सहाला फुगा सोडला.
दीड हजार मीटरवर त्याला ऊब लागली,
कुणी गच्चीवर विसरलेली गोधडी असावी तशी.
शून्याच्या वर फक्त एक अंश.

त्या एका अंशात सगळं अडलंय.
वरून निघालेला हिमाचा कण तिथे पुरता वितळला
आणि खाली आमच्या दरीत तुंबलेल्या गारठ्यात शिरला,
तर थेंबच राहतो तो, फांदीला टेकेपर्यंत.
टेकला की काच.
अर्धाच वितळला तर खडा.
नाहीच वितळला तर हिम, शाळेला सुट्टी, पोरांची चंगळ.

मॉडेलं पाच, तोंडं पाच.
एक म्हणतं बारा इंच.
एक म्हणतं नुसता पाऊस, तोही दुपारी थांबेल.
युरोपातलं सकाळी मळ्यात होतं,
आता तळ्यात.

मागच्या जानेवारीत मी हिम म्हणाले होते.
काच पडली.
ब्लू रिजच्या ह्या अंगाला नऊ दिवस अंधार,
आणि हॅझेल गॅपमध्ये ओपल डिकरसनचं
ऑक्सिजनचं यंत्र तिसऱ्या रात्री थांबलं.
मला कुणी काही बोललं नाही.
चर्चच्या दारात तिच्या सुनेनं
माझा हात नेहमीसारखाच दाबला.

तेव्हापासून मी ताकही फुंकते,
आणि फुंकर किती अंशांची तेही बघते.

नकाशा रंगवायचाय. निळं म्हणजे हिम,
हिरवा पाऊस, आणि गुलाबी ते दुसरं.
गुलाबी पट्टा महामार्गाच्या पश्चिमेला ओढला.
पुसला. पूर्वेला ओढला.
रस्तेखात्यातून टायसनचा तिसरा फोन:
मीठ टाकू का नको?
आधी पाऊस आला तर सगळं ओढ्यात जाईल.
गावातल्या दुकानात पाव संपलाय, दूध संपलंय,
केळी तेवढी राहिली आहेत, का कोण जाणे.

खाली मजकुराची चौकट.
मी लिहिते: शक्यता आहे. खोडते.
दाट शक्यता आहे. खोडते.
शक्यतेवर जनरेटर चालत नाही.
शेजारच्या टेबलावर क्वेंटिन सूर्यफुलाच्या बिया फोडतो,
म्हणतो, नाणं उडव, रोंडा.
तो नवीन आहे. त्याला अजून दरीतलं कुणी ओळखत नाही.

पावणेदोनला हार्लन एकर्सला फोन लावला.
एकोणतीस वर्षं तो कड्यावरच्या घरातून
आमच्यासाठी थर्मामीटर वाचतो.
बायको गेली त्या सकाळीसुद्धा त्याने आकडा कळवला होता.

“किती आहे?”
“एकतीस आणि काहीतरी. चष्मा आत राहिला.”
बत्तिसाला गोठतं. म्हणजे उंबरठ्यावर.
“पडतंय का?”
“पडतंय.”
“काय?”
तो जरा थांबला.
“ते तू सांगायचं असतं ना?”

मग म्हणाला, थांब, ऐकच.
दार करकरलं. त्याच्या पडवीला पत्रा आहे.
खडे असतील तर ताटात तांदूळ ओतल्यासारखं वाजेल.
थेंब असतील तर बोटं आपटल्यासारखं,
आधी एक, मग तीन, मग मोजता न येणारी.
मी क्वेंटिनकडे हात केला. बिया थांबल्या.
संगणकांचे पंखे तेवढे घरघरत राहिले,
ते कसे थांबवणार.

पत्र्यावर काहीच नाही.

हिम असंच बोलतं.
तुटलेली तारही.

“हार्लन?”

पडद्यावर मी निळा उचललाय,
दरीवर धरलाय.
“हार्लन, आहेस ना?”
अजून टेकवला नाही.