सत्त्याण्णव टक्के

एस ड्राइव्ह सत्त्याण्णव टक्के भरला
तेव्हा मेहेंदळे मॅडमनी मला वर बोलावलं.
बॅलार्ड इस्टेटच्या त्या उंच छताखाली
पंखा फिरत होता, वारा दुसऱ्याच कोणाला लागत होता.
"ओसरी दिली की लोक हातपाय पसरतात," त्या म्हणाल्या,
"शुक्रवारपर्यंत साफ कर. आणि परत भरणार नाही असं बघ."

मी यादी काढली.
बोटींच्या सर्व्हे रिपोर्टांच्या मधोमध
ग्रेशसच्या धाकट्या बहिणीचं वसईचं लग्न, तीन कॅमेऱ्यांतून.
काझीसाहेबांचे गुडघे: उजवा, डावा, पुन्हा उजवा.
भांडुपच्या कुठल्याशा सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची
नऊ वर्षांची भांडणं, पानोपान स्कॅन केलेली.
कोणाचं तरी बाळ, एकाच कुशीवर, चारशे बारा वेळा.
आणि एक नवीन फोल्डर, त्यात नवीन फोल्डर,
त्यात काहीच नाही.

मला नवल वाटलं नाही.
काळाचौकीला मी स्वतः जिन्याखाली सायकल ठेवतो,
सायकलच्या दांडीवर शेजाऱ्यांची गादी असते.
या शहरात रिकामा कोपरा दिसला
की माणूस आधी वस्तू ठेवतो,
मग कोपरा कोणाचा ते विचारतो. बहुतेक वेळा विचारतही नाही.

तरी नियम लिहिला.
गाणी नकोत, व्हिडिओ नकोत, फोटो फक्त जहाजांचे.
माणशी दोन जीबी.
पेनड्राइव्हची भोकं मागच्या ऑडिटलाच बुजवली होती.
म्हणजे ठेवायचंही नाही आणि न्यायचंही नाही,
हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

गुरुवारी एक एक्सेल हाती लागली.
रेकॉर्ड रूमच्या घागांची. नाव: बिल ऑफ लेडिंग ११८.
वजन पावणेदोन जीबी.
आकड्यांना एवढं वजन नसतं.
नावामागचं शेपूट बदललं, उघडली.

दहा-अकरा वर्षांची मुलगी, स्टुलावर. मागे ओटा.
ती हाताने एक खूण करते, थांबते,
पुन्हा तीच करते, सावकाश,
बाई ढ मुलासाठी करतात तशी.
मग दुसरी खूण. मग तिसरी.
मी आवाज वाढवला.
कुकरची शिट्टी तेवढी आली,
माझ्या केबिनभर आली.
मुलगी दचकली नाही.

शेवटचं उघडलं: आज, एक वाजून दहा मिनिटं.
काल, एक वाजून आठ.
लॉगमध्ये मागे मागे गेलो. सुट्ट्या सोडून तीन वर्षं.
डबा खायला घाग आमच्यात का बसत नाहीत
यावर आम्ही बरेच विनोद केले होते,
त्यातले दोन-तीन माझे.

शुक्रवारी सगळे आले. ग्रेशसने आवाज चढवला,
काझीसाहेबांनी गुडघा दाखवला, खराखुरा.
घाग शेवटी आले, फॉर्म घेऊन.
रांग संपली होती, तरी ते रांगेत उभे राहावं तसे उभे.
कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: मुलगी.
कारणांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.
त्यात मुलगी नाही.

मी एक भोक सहा मिनिटं उघडलं, पुन्हा बुजवलं.
तशी नोंद होतेच, आपोआप.
कारण मात्र हाताने टाकावं लागतं.
मी टाकलं: बिल ऑफ लेडिंग ११८.

सात वाजता नियम चालवला.
एकसष्ट टक्के.
मॅडमना कळवलं, त्यांनी अंगठा पाठवला.
तो मला कळला.

लिफ्टपाशी घाग भेटले.
खिसा वरून चाचपत होते.
त्यांनी हनुवटीला बोटं लावली, हात पुढे आणला,
आणि जाळीचं दार ओढून घेतलं.
याचा अर्थ काय ते मला ठाऊक नव्हतं,
आणि ती फाइल आता एस ड्राइव्हवर नव्हती.