तीन धूर

नदी आहे, पण ती पोचत नाही कुठेच.
खिंडीतून उतरते, हातभर रुंद,
गवताची एक हिरवी किनार टाकते
आणि मिठागराच्या अलीकडे दोन कोसांवर
वाळूत शिरते, मुकाट,
देणेकरी दिसल्यावर माणूस गल्लीत वळतो तशी.
नकाशात तिथे निळे ठिपके दिलेत.

मी शिरगणतीचा माणूस.
खालच्या शहरातून आलो, खेचरावर, डोकं ठणकत.
खिंडीतल्या दगडांच्या ढिगावर एक दगड ठेवला.
वाटाड्या म्हणाला, ठेवा, तुमचं काय जातंय.
मग खाली पाहिलं:
घरं नऊ. धूर तीन.

अंतर इथे कोसात सांगत नाहीत.
गालात कोकाची पानं धरायची,
चव गेली की एक टप्पा.
ओनोराताचं घर दोन गाल दूर,
सेवेरोचं, वारा समोरून असला तर, पाच.
आणि दुपारी दोननंतर वारा समोरूनच असतो,
कुठल्याही दिशेला निघा.

ओनोराता वास्केस. वय तिने बोटांवर मोजलं, मग सोडून दिलं.
लामाच्या कानात लाल लोकर ओवत होती.
चुलीवर पाणी केव्हाच उकळलेलं,
या उंचीवर ते उतावीळ असतं,
बटाटा मात्र कच्चाच.
"काल रात्री या घरात किती जण झोपले?"
"मी. आणि मुलगा, पण तो खाणीवर झोपला."
मी एक लिहिला.
"पलीकडच्या घरात?"
"फुल्हेन्सियो? तो गेला.
तसा नाही हो. खाली गेला, मुलीकडे. लिफ्ट आहे म्हणे."
"मग धूर?"
"तो माझा."

आठवड्यातून चारदा जाते ती, तोलाच्या काटक्या घेऊन,
त्याच्या चुलीत जाळ घालते.
धूर नसला की छपराच्या गवताला कीड लागते, म्हणाली.
मग, लोकरीची गाठ दातांनी तोडत:
सेवेरो मोजतो संध्याकाळी. दोनच भरले
तर बघायला येईल, आणि गुडघे कुठे आहेत त्याला.

फॉर्मात रकाने दोन:
वस्ती आहे, वस्ती नाही.
मी पेन्सिलीला टोक काढत बसलो
गरजेपेक्षा बराच वेळ.

सेवेरोकडे पोचेतो अंधार.
म्हातारा दारातच होता, पलीकडे बघत.
"फुल्हेन्सियोला जाळ कधी जमला नाही," तो म्हणाला,
"ओल्या काटक्या घालायचा.
त्याचा धूर असा सरळ जात नसे."
आणि मला बसायला मेंढीचं कातडं दिलं.