रकाना क्रमांक नऊ

फॉर्ममध्ये रकाना क्रमांक नऊ :
घाटाच्या पायऱ्यांची एकूण संख्या.
वर उभं राहूनच मोजल्या. एकवीस.
मग चिखल.

वडाखाली विडी विझवत शनाभाई म्हणाला,
'साहेब, एकवीस तर आजच्या.
एकविसावीवर तो पडलाय, दिसला नाही?'
दिसला.
आधी ओंडका, मग ओंडक्याला डोळा.
विश्वामित्रीच्या मगरीला घाई नसते.
ऊन सरकलं की ती सरकते,
तोवर सरकारी माणसानं वर बसावं.

जमनाबेनचा हिशोब निराळा.
तिची सासू धुणं आपटायची ती सत्ताविसावी,
म्हणून पायऱ्या सत्तावीस.
'पगथियां म्हणजे पाय पोचेल तेवढी,' म्हणते,
'उरलेली नदीची.'

आमचे अण्णा पुलावर पाण्याच्या पट्टीशी बसत,
खाकी रेनकोट, डब्यात थंड थालीपीठ.
पुराच्या रात्री ऑफिसला आकडा फुटांत कळवायचे,
आणि शेजारच्या गुप्त्यांच्या फोनवर, आम्हाला,
पायऱ्यांत :
सातवी गेली. स्टोव्ह माळ्यावर ठेवा.
पाचवी गेली. आता तुम्हीही चढा.
एरवी रागावले की एकच वाक्य,
पायरी ओळखून राहावं.
मला वाटायचं, मलाच बोलतात.

बाराव्या पायरीवर कुणी वाघ-बकरीचा पट कोरलाय.
रेघा डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात.
एक कोपरा फुटलेला,
तिथूनच एखादी बकरी निसटली असेल
वाघाची पाळी असताना.
मी बराच वेळ तिथे बसलो. कामाच्या वेळेत.

एकवीस लिहिलं, खोडलं.
सत्तावीस लिहावं तर वर पुरावा मागतील,
आणि जमनाबेनच्या सासूची सही कुठून आणू?

ऊन वडामागे गेलं तेव्हा
ती पाण्यात उतरली, आवाज न करता,
जशी म्हातारी बाई देवळातून निघते.
तिच्या पोटानं चिखल पुसला होता,
आणि पुसल्या जागी
दगडाची एक सरळ कड,
छिन्नीची.

शनाभाईनं बांबू लांब करून ठोकला.
टक्क.
'बावीस,' म्हणाला. 'पण खाली पोकळ वाजतंय.'

मी पेनाला टोपण लावलं
आणि एक बूट काढला.
एकच.