कोपर

औलूत जानेवारीत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
उर्हो खुर्चीच्या कडेवर बसलेत,
डोळ्यांवर जड खोकं, दोन्ही मुठींत पकडी.
तिकडे थंडर बेला सकाळचे आठ,
तिथे ताइस्तो, धाकटा.
मधे, कुठेच नसलेल्या अंगणात,
एक ओंडका आणि दोन मुठींची करवत.

आमच्यापर्यंत पोचतात फक्त डोकं आणि मनगटं.
खांदा अंदाजाने लावतो.
कोपर तर निव्वळ थाप:
ज्या हाडाचा पत्ता नाही त्याला समीकरण सांगतं,
इथे वाक, आता सरळ हो.
आणि समुद्राखालून निरोप यायला लागणारा वेळ झाकायला
हात पुढे कुठे जाईल
ते आधीच काढून ठेवतो.
सानेल्मा याला भाकीत म्हणत नाही.
"गुळगुळीत करणं" म्हणते.

करवत चालली. खोटा भुसा पडला.
पडद्यावर घंटेच्या आकाराची सुबक रेघ.
आम्ही एकमेकींकडे बघून हसलो,
आणि उर्हो थांबले.

"हा कोण?"
तुमचा भाऊ.
"त्याचा उजवा हात सरळ होत नाही.
कोठाराच्या शिडीवरून पडला, तेव्हापासून.
आणि असा वेळेवर तर तो कधीच आला नाही.
मी ओढायचो, सोडायचो,
मग अर्धा श्वास काहीच नाही,
मग तो.
बाप ओरडायचा.
मी तेवढ्यात नाक पुसून घ्यायचो."

जमिनीच्या वाटणीनंतर दोघांनी एकमेकांना
कोपरापासून नमस्कार केला होता,
हे मला नंतर कळलं.
नेमकं कोपरच आमच्या यंत्राला दिसत नव्हतं.

भाकीत बंद केलं.
कोपराला अठरा अंशांची अडवण घातली.
सानेल्मा कुरकुरली, आठ महिन्यांचं काम तिचं.
निरोपाला म्हटलं, ये बाबा, तुझ्या चालीने ये.

ओढलं. सोडलं.
काहीच नाही.
मग पातं तिकडे सरकलं,
थोडं अडखळत, वाकड्या हाताने.
पुन्हा. पुन्हा.
रेघ आता कुत्र्याने चघळल्यासारखी.

सातव्या की आठव्या खेपेला
त्या रिकाम्या अर्ध्या श्वासात
उर्होंचा डावा हात आपसूक
नाकाकडे गेला.

तोही गेला समुद्राखालून,
दोनशे मिलिसेकंद उशिरा.

कानातल्या खरखरीतून
एक म्हातारा आवाज म्हणाला,
"अजून वाहतंय होय रे?"