नीट बोलू नको

पद्मे, पुस्तक वाच, वाईट नाही.
पण मी सांगतो ते त्यात नसणार.

आधी काहीच होत नाही.
कंबर धरते, सुटते.
मी रंकाळ्याच्या कडेनं चालत दिवे मोजत होतो:
दोन कळांच्या मधी नऊ दिवे,
मग सहा,
मग मोजायचं राहूनच गेलं.

चिकट, गुलाबी काहीतरी लागेल कपड्याला.
घाबरू नको, फोन कर.
पाणी गेलं तर मात्र वाट बघायची नाही,
हिरवट असलं तर अजिबातच नाही.
रिक्षा. तशीच, ओल्या गाऊनवर.

तिथं हातमोजा घालून कुणीतरी तपासेल
आणि म्हणेल, तीन बोटं.
सात तास सोसून तीन बोटं!
मला वाटलेलं, डोकं दिसत असणार.
सिस्टर म्हणाल्या, पहिलटकरीण ना,
जावा, चहा घेऊन या.

लाजायचं ठरवून जाशील.
उलटी होईल. जोर लावताना संडास होईल,
जैतूनमावशी ती पुसतात बोलत बोलत,
ओट्यावर सांडलेली हळद पुसावी तशी.
दात वाजतील, थंडी नसताना.
आन एक वेळ अशी येईल,
तू म्हणशील, मला घरी सोडा.
मी तर चपला मागत होतो.
तेव्हा ओळखायचं, जवळ आलंय.

एक आणखी.
पुण्यात तुझ्या जावांनी हसून हसून
तुझं 'आलो' मोडलं.
आता तू आले, बसले, जेवले म्हणतीस,
माझ्याशी बोलताना पण.
मी काही बोललो नाही.
पण त्या टेबलावर ते टिकायचं नाही बघ.
मेलो म्हणशील. मेलो गं आई, मेलो.
पडद्यापलीकडं कागलची होती, शिरोळची होती,
सगळ्या 'मेलो'च.
नागपूरची नवी डॉक्टर दचकून म्हणाली,
आत पुरुष कोण आहे?

जोर खाली लाव. घशात ओरडलीस की तिथंच संपतो.
आन 'थांब' म्हटलं की थांबायचं, तेच अवघड.
फुंकर मार, गरम दुधावर मारावी तशी.
तेव्हा आग होते, गोल.
आपल्या तिखटाची सवय तिथं कामाला येत नाही.

मग सटकतं एकदम, गरम, माशागत.
माझी लगेच रडली नाही.
किती वेळ, विचारू नको.
दिवे मोजले मी, ते मोजलं नाही.

मग वार पडते, मग टाके,
सुई कळते, पण तू दुसरीकडं असतीस.
माया लगेच येईलच असं नाही.
मला आधी भूक आली.
भाकरी मागितली, त्यांनी बिस्कीट दिलं.
ह्यांना आत सोडलं तेव्हा अंगात पेठेची जर्सी,
गुडघ्याला चिखल, मॅच अर्धी टाकून आलेले.
पोरीला घ्यायला हात पुढं केले
आन परत मागं घेऊन धुवायला गेले.

चीक येतो चमचाभर, पिवळा.
'एवढाच?' म्हणेल कुणीतरी.
गंगावेशीत आपण म्हशीचा भांडंभर बघितलेला,
म्हणून तसं वाटतं.
त्या पोटाला पुरतो. पाज.

अजून नऊ दिवस आहेत.
नखं काप, मोजे घाल बॅगेत, पाय गार पडतात.
तू आईकडं, मी पेठेत, मधी दहा मिनिटं.
रात्री फोन उशाला घेऊन झोपतो.
सुरू झालं की कर,
नीट बोलत बसू नको.
मी निघालोच.