सात गुणिले तेवीस

दाभ्याच्या शेडनेटमध्ये सकाळी सव्वासातला
देवकाबाई माझ्याआधी पोचलेली असते.
कमरेला चिमट्यांची पिशवी, कानामागे दोऱ्याचं टोक.
पूर्वी टेकडीच्या गणपतीपुढे हार गुंफायची;
कोणती कळी उद्या उमलेल, कोणती परवा,
हे मला भिंगाखाली कळतं,
तिला बोटाखाली.

ब्रोकोली आम्ही खायला लावत नाही.
चांगला गड्डा दिसला की त्याला हात लावायचा नाही,
सुटू द्यायचा, लांबू द्यायचा,
हिरव्या मण्यांची पिवळी फुलं होऊ द्यायची
चार-चार पाकळ्यांची.
बाजार ज्याला वाया गेलं म्हणतो
तिथून आमचं काम सुरू होतं.

उमललं की हे फूल स्वतःचा पराग नाकारतं.
कळीत असताना नाकारणं अजून शिकलेलं नसतं.
म्हणून वाण शुद्ध ठेवायचं तर दोन दिवस आधी
कळी उघडायची, चिमट्यानं, श्वास धरून,
आणि तिचं तिलाच लावायचं.
पहिल्या वर्षी मला हे चोरीसारखं वाटायचं.
आता मोजते: दिवसाला दीडशे कळ्या.
देवकाबाईच्या अडीचशे.
मधमाश्या जाळीबाहेर घोंगावत राहतात,
त्यांचं काम आम्ही रोजानं घेतलं आहे.

सातवी ओळ उंच, गड्डा भरघोस, पण उशिराची;
भरायला लागते तोवर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा येतो
आणि नागपूर विचार बदलतं.
मणी सैल पडतात, मधूनच पानं डोकावतात.
तेविसावी लवकरची, उन्हाला न डगमगणारी,
गड्डा मात्र मुठीएवढा, तोही माझ्या मुठीएवढा.
दोघींची फुलं एका वेळी यावीत म्हणून
तेविसावीला तीनदा पेरलं, बारा-बारा दिवसांनी.
तरी दोन हंगाम हुकले.
एकदा मावा पडला.
एकदा पराग ठेवला होता त्या फ्रिजचा प्लग
कुणीतरी मोबाईल लावायला काढला.

घरी न्यायला मिळतात ते नापास:
पोकळ देठाचे, तपकिरी मण्यांचे, बटणाएवढे.
सहा वर्षं आमच्या घरानं
माझ्या चुका बेसनात परतून खाल्ल्या.
निहारला वाटतं ब्रोकोली कडूच असते.
त्यानं एकदा माझ्या ॲप्रनच्या खिशातला टॅग वाचला,
७ × २३,
आणि ओरडला: एकशे एकसष्ट!

यंदा तो गुणाकार वावरात उभा राहिला.
अठरा फेब्रुवारी, दुपारी चौतीस अंश.
चौथ्या वाफ्यात देवकाबाईनं विळा थांबवला.
"मॅडम, हे पाहा ना जी, घट्ट हाय अजून."
काट्यावर सहाशे चाळीस ग्रॅम.
उचलून पुन्हा ठेवला. सहाशे चाळीस.
वहीत लिहिताना सहाचं शून्य झालं, खोडलं.

"यायचं बी ठेवू का थोडं?
जावई कळमेश्वरले भाजी लावते."
मी सांगितलं, ह्याचं बी धरलं तर
पुढच्या साली घर फुटेल,
कुणी सातवीवर जाईल, कुणी तेविसावीवर,
बरेचसे अधलेमधले, कुणाचेच न वाटणारे.
तिनं ऐकलं. हाताची माती झटकली.
"म्हंजे दरसाली नव्यानं लगन लावा लागन."
मग थोड्या वेळानं,
"बरं हाय. आपला रोज चालू राह्यते."
मला हसू आलं आणि हसताहसता अडकलं:
तिच्या जावयाला दरसाली जे पाकीट घ्यावं लागेल
त्याची किंमत मी ठरवत नाही.

वजन झालेले गड्डे कापायला हरकत नसते.
एक तिनं पदरात घेतला, एक मी डब्याच्या पिशवीत.
रात्री नुसता वाफवला, मीठ, थोडं लिंबू.
निहारनं एक तुरा उचलून उलटसुलट पाहिला,
खाल्ला.
"हे ते नाही," म्हणाला,
आणि दुसरा घेतला.

तिकडे जाळीत सातवी आणि तेविसावी फुलावर आहेत,
कागदी टोप्या घालून, एकमेकींपासून चार हात लांब.
उद्या सव्वासातला.