पाणी न घालणं

अंबाजोगाईच्या घाटात रस्ता रुंद करताना
जेसीबीनं डोंगराची एक कड उचलून बाजूला ठेवली,
तेव्हा मुरमातून हे घरंगळले.
तपकिरी, पापुद्र्याचे,
भाजीवालीनं निवडून फेकावेत तसे
सात कोळकांदे.
जेवणाच्या पिशवीत भरून आणले.
हाताला दोन दिवस खाज होती.

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले.
म्हणजे अंधारात उभा राहिलो,
लाल दिव्याखाली ट्रे हलवत,
पाण्यातून कुणाची तरी बरगडी वर यायची वाट पाहत.
मग कॉम्प्युटर आला. ट्रे भंगारात निघाले.
त्यातले दोन मी वीस रुपयांना सोडवले.
कशाला, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

खिळ्यानं बुडाला भोकं पाडली.
मुरूम, थोडी वाळू, चुलीची राख,
आणि कांदे मानेपर्यंत पुरले.

आषाढात पानं आली, पट्ट्यासारखी लांब.
दिवाळीला वाळून आडवी झाली.
तेव्हा मी घाबरलो.
रोज सकाळी तांब्याभर पाणी,
वर दोन शब्द, लेकराशी बोलावं तसे.
संक्रांतीला उकरून पाहिलं तर चार जण
भिजल्या कागदासारखे बोटांत आले.

शेजारच्या हलीमा आपा पायाच्या कुरुपावर
हाच कांदा भाजून बांधतात.
कुंपणापलीकडून म्हणाल्या,
"सोयेला है ना वो, गिरवलकर भाऊ.
सोते को कायकू पानी मारते? प्यासा रखो."

प्यासा ठेवायचा.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.
घरात पाणी असून ते न घालणं
ही चैन वाटायची, कधी कधी पाप.
तांब्या घेऊन तुळशीपर्यंत जायचो,
हात आपोआप डावीकडे वळायचा,
मी त्याला परत आणायचो.
दोन हिवाळे असंच.

यंदा माघ सरताना, हरभरा काढणीला आलेला,
ट्रेच्या मधोमध एक टोक दिसलं.
वाटलं, पोरांनी पेन्सिल खोचली.
पान नाही. एकसुद्धा नाही.
नुसती काडी, आठवड्यात गुडघ्याएवढी,
वाकडी, भिंतीकडे झुकलेली,
काहीतरी ऐकत असल्यासारखी.

होळीच्या आदल्या रात्री, साडेआठला,
सगळ्यात खालची कळी उघडली.
फूल म्हणावं का, हा प्रश्नच होता.
नखाएवढं, मळकट पांढरं, मान खाली,
आणि प्रत्येक पाकळीत उभी तपकिरी रेघ.
मी सवयीनं चष्मा वर केला
आणि कुठं मोडलंय ते शोधू लागलो.

पुण्याला शलाकाला फोन लावला.
ती म्हणाली, फोटो पाठवा.
फ्लॅशमध्ये भिंत आली, पांढरीफट,
आणि माझ्या अंगठ्याची कड.
"कुठंय फूल?"
"आहे की," मी म्हणालो, "अंधारात."

सकाळी ते मिटलेलं. त्याच्या वरचं तयार.
एका रात्रीचं एक, फार तर दोन,
खालून वर, घाई न करता.
सहाव्या रात्री लाइट गेली, तेव्हा हलीमा आपा
आपली खुर्ची घेऊन आल्या.
"इत्ताच?" त्या म्हणाल्या.
"एवढंच," मी म्हणालो.
मग लाइट आली तरी त्या उठल्या नाहीत.
मीच आत जाऊन अंगणातला दिवा मालवला.

उरलेल्या दोघांपैकी एकाला दर आषाढात पानं येतात, बस्स.
दुसरा अजून वर आलेला नाही.
उकरून पाहिलेलं नाही मी.
रोज एकदा मातीवरून बोट फिरवतो, न दाबता.
श्वास घ्या, धरून ठेवा, असं मी
एकतीस वर्षं लोकांना काचेआडून सांगायचो,
आणि 'सोडा' म्हणायला कधी विसरलो नाही.
याला अजून पहिलंच सांगून झालंय.